गोळीचं काम आकड्यापुरतंच असतं का?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की बीपीची गोळी मशीनवरचा आकडा तेवढा उतरवते. मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्या त्या झाल्याच. म्हणून परळला राहणाऱ्या वडिलांची गोळी तुम्ही बंद केलीत. हे वाचून काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितो.

महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या, भिंतीत दोन तंतू महत्त्वाचे: लवचिक इलॅस्टिन आणि ताठर कोलॅजन. दाब वाढला की ताण कोलॅजनवर जातो, गोळीने उतरला की बराचसा पुन्हा इलॅस्टिनकडे येतो आणि भिंत तेवढी सैलावते. तुटलेलं इलॅस्टिन मात्र पूर्ववत होत नाही, हे तुमचं अगदी बरोबर. पण अँजिओटेन्सिन या शरीरातल्याच, दाब वाढवणाऱ्या संप्रेरकामुळे भिंतीत कोलॅजन वाढत जातं, आणि रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधं त्यालाच आवर घालतात.

शिवाय दंडावरचा आकडा म्हणजे महाधमनीतला दाब नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅफे' अभ्यासात दोन्ही गटांचा दंडावरचा दाब जवळपास सारखाच होता. तरी अ‍ॅम्लोडिपिन-पेरिंडोप्रिल घेणाऱ्यांच्या महाधमनीतला वरचा दाब अ‍ॅटेनोलॉल-थायझाइडवाल्यांपेक्षा सरासरी ४.३ मिमी पाऱ्याने (मशीनवरच्या आकड्याचंच एकक) कमी निघाला. अ‍ॅटेनोलॉलने ठोके मंदावतात, आणि हातापायांकडून परतणारी दाबाची लाट हृदय रक्त ढकलत असतानाच येऊन थडकते. (हे वाचून कुणी आपापलं अ‍ॅटेनोलॉल थांबवू नये. हृदयाच्या काही आजारांत ते लागतंच.)

लालबागच्या माझ्या दवाखान्यात चाळीतल्या एक आजी येतात. गोळ्या चुकल्या की १६४/६६. घरचे म्हणतात, "खालचा तर कमीच आहे की, डॉक्टर!" पण धोका वरच्या-खालच्या आकड्यांमधल्या त्या अंतरातच आहे. कडक महाधमनी ठोक्याला फुगत नाही म्हणून वरचा चढतो, नंतर आक्रसत नाही म्हणून खालचा पडतो. १९९१ च्या 'शेप' चाचणीत साठीच्या पुढची अशीच माणसं होती: वरचा १६० किंवा जास्त, खालचा ९० च्या आत. क्लोरथॅलिडोनपासून सुरू केलेल्या उपचाराने त्यांच्यातलं पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या माणसांना झालेला हा फायदा आहे!

वडील कोणती गोळी घेत होते, तेवढं कळवा. आणि जुनी स्ट्रिप घेऊन त्यांना आजच त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बीपी बसून मोजाच, पण उभं राहिल्यावरही मोजायला सांगा. या वयात उभं राहताच तो एकदम पडत असेल, तर डोस त्याप्रमाणे ठरवावा लागतो.