राज्यशास्त्राला कर्ज? आमदार व्हायचंय का?

आज ब्रँचमध्ये साहेबांना उलट बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

सकाळी बाप-लेक शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला आले. मुलीला बारावी आर्ट्सला उत्तम मार्क. एका खासगी विद्यापीठात राज्यशास्त्राच्या बी.ए.ला नंबर लागलाय. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला सहा लाख, तीन वर्षांचे अठरा. साहेब केबिनमधून बाहेर येताना थांबले, कागद बघितला आणि हसले. "राज्यशास्त्राला कर्ज? आमदार व्हायचंय का?" बाप पण हसला, कसनुसा. पोरगी नाही हसली.

साहेब, तुमच्या समोर रोज बसणारी ही बाई राज्यशास्त्राचीच बी.ए. आहे.

तालुक्याचं अनुदानित कॉलेज, फी नावाला. आमचे सर पुस्तकातली पंचायत राज शिकवून थांबायचे नाहीत. एका २६ जानेवारीला आम्हा सात-आठ जणांना ग्रामसभेला घेऊन गेले आणि म्हणाले, "भाषणं ऐकू नका, डोकी मोजा." मोजली. एक्केचाळीस. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, दोन्हींतला कमी आकडा. गाव मोठं, म्हणजे शंभर हवीत. मी उभी राहून तसं म्हणाले. पाय लटपटत होते. सभा तहकूब झाली. (तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, हे सरपंचांना आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. असो.) पण त्या दिवसापासून कुठल्याही मीटिंगमध्ये गेले की मी आधी डोकी मोजते.

ही डिग्री पगार देत नाही म्हणतात. नसेल देत. मला बँकेची परीक्षा पास करून नोकरी लागली, राज्यशास्त्रामुळे नाही. हे मान्य करायला जिवावर येतं, पण आहे ते आहे.

आता हिशेब. तो मीच करून दाखवला त्या माणसाला. अठरा लाख, ११ टक्के व्याज. कोर्सची तीन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. चार वर्षांनी अठराचे जवळजवळ चोवीस होतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ३३ हजार. पंधरा वर्षं घेतली तरी २७ हजार. आणि साडेसात लाखांच्या वर म्हटल्यावर तारण आलं, म्हणजे राहतं घर. त्याने खिशातली छोटी डायरी काढली, दुधाच्या हिशेबाच्या पानावर ३३,००० लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

नुसत्या बी.ए.वर पहिला पगार किती मिळतो, ते आपण सगळे जाणतो. तो आख्खा हप्त्यात गेला तरी पुरायचा नाही. पोरगी म्हणाली, "मला पुढे प्राध्यापक व्हायचंय." काय बोलू? सेट-नेट होऊन, पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. मग बाप म्हणाला, यूपीएससी करेल. दरवर्षी दहा लाखांच्या आसपास फॉर्म आणि शेवटच्या यादीत हजारेक नावं. आणि त्या फॉर्मला पदवी कुठलीही चालते, अठरा लाखांचीच लागते असं नाही.

त्या खासगी विद्यापीठात शिकवणारे चांगले असतील, ओळखी होत असतील, इंटर्नशिप मिळत असेल. असेल बाबा.

पण मला राग विषयाचा नाही, किमतीचा आहे. राज्यशास्त्राला लॅब लागत नाही, मशीन लागत नाही. लागतो एक बरा मास्तर, एक लायब्ररी आणि जवळपास एखादी ग्रामसभा. मग सहा लाख कशाचे? काचेच्या इमारतीचे? आणि इंजिनिअरिंगची थकलेली कर्जं आमच्याकडे आहेतच की. त्यांच्या फॉर्मवर कुणी हसल्याचं मी तरी बघितलं नाही.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. तिथे अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र सगळं शिकले. रामजी सुभेदारांचं घर कुणी तारण मागितलं नव्हतं. (बडोद्यात दहा वर्षं नोकरी करायची अट होती, ठाऊक आहे. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.) असलं शिकायला पैसे कुणी घालायचे, हे एका संस्थानिकाला कळलं होतं.

हे सगळं मी साहेबांना ऐकवायला हवं होतं. नाही ऐकवलं. उलट त्या पोरीला समजावत बसले, की बाळा, हाच विषय साध्या कॉलेजात घे, काही हजारांत होतो, मीही तसाच केलाय. ग्रामसभेची गोष्टसुद्धा सांगितली. मला वाटलं तिचे डोळे चमकतील.

ती म्हणाली, "मॅडम, साहेब हसून 'नाही' म्हणाले, तुम्ही गोड बोलून 'नाही' म्हणताय."

दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरतंय. मी हिशेब दाखवला, नाही म्हटलं नाही. पण तिच्या कानाला ते एकच. आणि खरं सांगू? ज्या कॉलेजचं मी कौतुक केलं, तिथले सर निवृत्त झालेत. त्यांची जागा अजून भरलेली नाही. हे मी तिला सांगितलं नाही.

बाप उठला, नमस्कार केला, डायरी खिशात ठेवली. पोरीने कर्जाचा फॉर्म मात्र नीट दुमडून पर्समध्ये टाकला.