ब्रिस्टल : तुमचा आक्षेप, माझी चूक आणि सहाशे वर्षांचा फरक

‘गुलामांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहराच्या पुलाचं, लोकरीचं आणि वाइनचं कौतुक कशाला?’ असं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरावरचा माझा लेख वाचून तुम्ही विचारलंत. वर ‘सोयीस्कर इतिहास’ असा शेराही मारलात. झोंबला, कारण तो अर्धा खरा आहे.

आधी न पटलेलं. लंडनच्या रॉयल आफ्रिकन कंपनीची आफ्रिकेशी व्यापाराची मक्तेदारी 1698 मध्ये सुटली आणि ब्रिस्टलचे व्यापारी गुलामांच्या धंद्यात राजरोस उतरले. पण 1240 च्या दशकातच या गावाने दलदलीतून चर खणून फ्रोम नदी वळवली होती. फ्रोम जिला मिळते त्या एव्हन नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीत 12 मीटरहून जास्त फरक पडतो, ओहोटीला जहाजं तळाला टेकतात. नव्या पात्रामुळे त्यांना टेकायला मऊ गाळ मिळाला. एव्हनपलीकडच्या रेडक्लिफ वस्तीतल्या लोकांनाही राजाने खणायला लावलं, ‘फायदा तुमचाही आहे’ असं सांगून. 1373 मध्ये गावाने 600 मार्क (तेव्हाचं हिशेबाचं चलन) मोजून राजा तिसऱ्या एडवर्डकडून वेगळ्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, सनद मिळवली आणि कोर्टकचेरीसाठी ग्लॉस्टर नाहीतर इल्चेस्टर या दूरच्या गावांना होणारी खेप वाचली. हा पैसा आफ्रिकेतून आलेला नव्हता.

आता माझी चूक. अकराव्या शतकात याच धक्क्यावरून माणसं विकली जात होती, इंग्लंडमधली माणसं, आयर्लंडला. बाराव्या शतकातला इतिहासकार माम्सबरीचा विल्यम लिहितो की तरुण मुला-मुलींना दोरीने एका रांगेत बांधून विक्रीला उभं करत. मालकापासून गरोदर राहिलेल्या दासीही त्यांत असत. वूस्टरचा बिशप वुल्फस्टन इथे दोन-दोन, तीन-तीन महिने मुक्काम ठोकून दर रविवारी या धंद्याविरुद्ध प्रवचन करायचा. लोक अखेर वळले, पण कसे? न ऐकणाऱ्या एकाला त्यांनी गावाबाहेर हाकललं आणि त्याचे डोळे काढले. राजा विल्यमला बंदीसाठी राजी करणंही जड गेलं, कारण विक्रीतला वाटा त्याच्या तिजोरीत जात होता. 1102 च्या धर्मसभेला पुन्हा बजावावं लागलं की माणसं जनावरांसारखी विकू नका.

हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते वगळलं. पूल, चर, सनद असा लेख छान जुळून येत होता, त्यात वुल्फस्टन कुठे बसवावा हे सुचेना. कारण म्हणून हे लंगडंच आहे. तो परिच्छेद आज मूळ लेखात घालतोय, नदीच्या आधी. तुमचा आक्षेप मात्र सहाशे वर्षं मागे न्यावा लागेल.