दुर्मीळ नाव आणि अवघड नाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाळाच्या नावावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नेमक्या जागी बोट ठेवणारी आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर उत्तर देत आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "फार प्रचलित नको आणि फार वेगळंही नको" हे ऐकायला छान वाटतं, पण मोजायचं कसं ते लेखात कुठेच नाही. सगळ्यांनीच असं अधलंमधलं नाव शोधलं तर उद्या तेच प्रचलित होणार. त्यापेक्षा टॉप १०० च्या यादीत नसलेलं, चांगल्या अर्थाचं नाव उचलावं आणि मोकळं व्हावं. शेवटी तुमच्या यादीतली रेयांश, आरव आणि निरंजन ही तीन नावं देऊन तुम्ही विचारलंय की यातलं बसतं कुठलं.

मोजायचं कसं हा प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी एक गाठ सोडवायला हवी. तुम्ही एकच पट्टी धरली आहे, जिच्या एका टोकाला प्रचलित आणि दुसऱ्या टोकाला विचित्र. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती मुलांचं ते नाव आहे, हा एक प्रश्न. अनोळखी माणसाला ते एकदा ऐकून कळतं का आणि लिहिता येतं का, हा दुसरा. वसुधा, नलिनी, मुकुंद ही नावं कुणालाही समजावून सांगावी लागत नाहीत, तरी आजच्या बालवाडीच्या पटावर ती क्वचित सापडतात. उलट कियांश, अद्विक, रेयांश यांसारखी नावं पहिल्यांदा ऐकणारा "काय म्हणालात?" असं विचारतो आणि तरीही शेजारच्या बाकावर तशाच नावाचा दुसरा मुलगा बसलेला असतो. म्हणजे नाव अवघडही आणि सर्रासही. शोधायचं ते याच्या उलट, संख्येने कमी पण कानाला ओळखीचं. अशा नावांचा साठा मराठीत इतका मोठा आहे की सगळ्यांनी त्यातून निवडलं तरी सगळे एकाच नावावर येऊन आदळणार नाहीत. गर्दी होते ती शंभर नावांच्या यादीतून सगळे निवडतात तेव्हा.

आता आकडे. वर्गात वीस मुलगे आहेत असं धरा. एखादं नाव दर शंभर मुलग्यांत एकाला असेल, तर उरलेल्या एकोणीस जणांत निदान एक नामबंधू निघण्याची शक्यता साधारण १७ टक्के, म्हणजे सहा वर्गांत एखादा. हजारात एक असेल तर २ टक्क्यांच्या आत. पंचवीसात एक असेल तर ५० टक्क्यांच्या वर. माझ्या मते शंभरात एक ही वरची मर्यादा धरावी. त्यापेक्षा जास्त वाटा असेल तर शाळेत नावापुढे आडनावाचं अक्षर लागणार हे गृहीत धरायचं. हजारात एकाच्या खाली गेल्यावर मात्र आणखी दुर्मीळ नाव शोधून काहीच हाती लागत नाही. वर्गातला फरक तिथेच संपलेला असतो, वाढतो तो फक्त समजावून सांगण्याचा त्रास.

"टॉप १०० मध्ये नाही म्हणजे दुर्मीळ" हा तुमचा निकष मला मान्य नाही. यादी कशाची आहे ते आधी बघावं. अमेरिकेचं सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या जन्मांची नावं प्रसिद्ध करतं आणि वर्षात पाच किंवा अधिक बाळांना दिलेलं प्रत्येक नाव त्यात सापडतं. ती खरी मोजणी. नाव सुचवणाऱ्या साइटवरच्या याद्या बऱ्याचदा कुठलं पान किती जणांनी उघडलं यावर किंवा नुसत्या संपादकाच्या आवडीवर बनतात. त्यांचा जन्मनोंदींशी संबंध असेलच असं नाही. अशी यादी एका कामाला येते. आज ज्या नावांची पानं लोक सर्वात जास्त उघडताहेत, त्यांतली बरीचशी तीन-चार वर्षांनी बालवाडीत दिसणार.

खऱ्या मोजणीतही दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे क्रमांक. अमेरिकेत १८८० मध्ये पहिल्या क्रमांकाचं जॉन हे नाव सुमारे ८ टक्के मुलग्यांना होतं. आता तिथे पहिल्या क्रमांकाच्या नावाचा वाटा १ टक्क्याच्या आसपास असतो. तेव्हा क्रमांक न बघता वाटा बघावा. दुसरी म्हणजे स्पेलिंग. त्या याद्यांत एकाच उच्चाराची वेगवेगळी स्पेलिंग वेगवेगळी नावं म्हणून मोजली जातात, त्यामुळे पन्नासाव्या क्रमांकावर दिसणारं नाव सगळी रूपं एकत्र केली की बरंच वर सरकतं.

जिथे अशी सरकारी यादी मिळत नाही तिथे हाताने मोजावं. पाळणाघर, बालवाडी, पहिली-दुसरीचे पट, बालस्पर्धांच्या निकालपत्रिका, जिथे पाच-सात वर्षांच्या आतल्या मुलांची नावं एकत्र दिसतात तिथून ती घ्यावीत. ओळखीतल्या मोठ्या माणसांत मोजू नये. तुमच्या ऑफिसातले चार संदीप बाळाच्या वर्गात बसणार नाहीत. एक साधा नियम लक्षात ठेवा: जितकी नावं तपासली आणि त्यात आपलं नाव एकदाही आलं नाही, त्या संख्येने तीनला भागा. शंभर मुलग्यांत एकदाही नाही, तर खरा वाटा ३ टक्क्यांच्या खाली आहे एवढंच खात्रीने म्हणता येतं. १ टक्क्याच्या खाली आहे असं म्हणायला तीनशे नावं बघावी लागतात. पंचवीस मुलांच्या एका वर्गात नाव दिसलं नाही म्हणून "अगदी युनिक आहे" असं ठरवणं घाईचं होतं. नावं गटागटाने राहतात, हेही विसरू नका. एकाच वस्तीत, एकाच प्रकारच्या शाळांत, एकाच आवडीच्या घरांत ती साचतात. म्हणून तुमचं मूल ज्या शाळांत जाण्याची शक्यता आहे तिथलेच पट सगळ्यात उपयोगी.

यातली सर्वात जास्त दुर्लक्षित बाब म्हणजे नावांची घराणी. रेयांश दुर्मीळ असेलही, पण रेयांश, कियांश, प्रियांश, दिव्यांश, श्रेयांश ही सगळी हाकेला जवळपास एकच. समजा अशी दहा नावं आहेत आणि प्रत्येकाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का. मग त्या घराण्याचा वाटा ५ टक्के होतो आणि वीस मुलग्यांच्या वर्गात तुमच्या मुलासारखाच शेवट असलेला आणखी एक जण असण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या पुढे जाते. बाईंनी मागून हाक मारली की दोघेही वळणार. म्हणून पट तपासताना अख्ख्या नावासोबत शेवटची दोन अक्षरंही वेगळी मोजावीत.

लाडाच्या नावाचंही तसंच. आदित्य, आदिनाथ, आदिराज, अद्वैत, अद्विक यांतला प्रत्येक जण महिनाभरात "आदी" किंवा "अद्दू" होतो. मुलींत अनन्या, अनघा, अन्विता, अनुष्का या सगळ्या "अनू". सहा महिने घालवून निवडलेलं वेगळं नाव पहिल्या अक्षरापाशीच हरवतं. पहिलं अक्षर मनात पक्कं असेल तर निदान दुसरं अक्षर असं घ्यावं की त्याचा संक्षेप वेगळा निघेल.

नाव किती आहे यासोबत ते किती वेगाने वाढतंय तेही बघावं. २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शंभरहून अधिक वर्षांच्या नावांच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झपाट्याने चढलेली नावं तितक्याच झपाट्याने मागे पडतात, असं त्यात दिसलं. अशा नावावर काळाचा शिक्का बसतो. जेनिफर हे नाव अमेरिकेत १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं मुलींत पहिलं होतं. आज ते नाव ऐकलं की तिथल्या माणसाला वयाचा अंदाज येतो. हे टाळायचं असेल तर तिसरीच्या पटावर एखादं नाव एकदा, पहिलीच्या पटावर दोनदा आणि शिशुवर्गात पाचदा दिसतंय का ते पाहावं. दिसत असेल तर ते सोडून द्यावं, मग एकूण आकडा लहान का असेना.

आता दुसरी पट्टी, ओळखीची. इथे मत विचारू नये, चाचणी घ्यावी. नातेवाइकांना "कसं वाटतं?" विचारलं की जितकी तोंडं तितकी उत्तरं येतात आणि त्यातून काही ठरत नाही. त्याऐवजी ज्यांना नाव माहीत नाही अशा पाच जणांना फोनवर, एकदाच, नेहमीच्या वेगाने आडनावासकट नाव सांगा आणि लिहायला सांगा. पाचांपैकी चौघांनी बरोबर लिहिलं तर नाव पास. तिघांनी "काय?" विचारलं तर त्या मुलाला जन्मभर प्रत्येक काउंटरवर तेच ऐकावं लागणार. मग उलट करा: नाव कागदावर लिहून वेगळ्या पाच जणांना वाचायला द्या. फोनवर बहुधा श-स, थ-त, ण-न यांची गल्लत होते, कागदावर जोडाक्षरं अडतात.

तिसरी चाचणी वाक्याची. नावाला ला, ने, चा लावून रोजची वाक्यं बोलून बघा. स्पर्श, ओवी, गाथा, कृती अशी शब्दांवरून घेतलेली नावं इथे अडखळतात: "स्पर्शने हात लावला", "कृतीची कृती दाखव". आशा आणि कविता यांना हा त्रास फारसा होत नाही, कारण नाव म्हणून ती ऐकायची कानाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. नव्या शब्द-नावाला ती सवय मिळायला वेळ लागतो.

रोमन लिपीतलं रूपही आत्ताच ठरवून टाका. प्रज्ञा हे नाव घ्या. ज्ञ चा उच्चार मराठीत द्न्य, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न. साहजिकच एका नावाची तीन स्पेलिंग. ऋ चं तसंच, मराठीत रु आणि हिंदीत रि. ही नावं टाळा असं माझं म्हणणं नाही, प्रज्ञा मला फार आवडतं. पण पहिल्या कागदावर जे स्पेलिंग लिहाल तेच शेवटपर्यंत ठेवा आणि अंकज्योतिषासाठी जादा ए किंवा एच घुसवू नका. एका कागदावर एक ए आणि दुसऱ्यावर दोन, एवढ्यावर अर्ज परत येतात. नाव लांब असेल तर पासपोर्टच्या तळाशी असलेल्या यंत्राने वाचायच्या दोन ओळी ध्यानात घ्या. त्यात आडनाव आणि नाव मिळून, मधल्या खुणांसकट, ३९ जागा असतात. त्यात न बसलेलं छाटलं जातं.

ह्रस्व-दीर्घाचंही आधीच बघून ठेवा. मराठीत व्यक्तिनामाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून अदिती, हरी. हिंदी साइटवरून उचललेलं अदिति हे रूप तसंच दाखल्यावर जातं आणि शाळेत बाई ते दीर्घ करतात. ईशान, ऊर्जा, ऊर्मिला यांचं पहिलं अक्षर मुळातच दीर्घ आहे. ऋषिकेश सगळीकडे दिसतं, पण मूळ शब्द हृषीकेश, म्हणजे हृषीकांचा, इंद्रियांचा, ईश. रूढ रूप घ्यायला हरकत नाही, फक्त जाणून घ्यावं.

"अर्थ चांगला असला की झालं" यावर एवढंच, की अर्थ कोशात बघा, साइटवर नको. तुमच्याच यादीतलं आरव घ्या. बऱ्याच साइटवर त्याचा अर्थ "शांत" असा दिलेला असतो. संस्कृतात रव म्हणजे आवाज, आरव म्हणजे आवाज, ओरडा. शांत या अर्थाचा शब्द नीरव. बाळाला आरव म्हणायला काहीच हरकत नाही, उलट समर्पकच आहे, पण शांत स्वभावाची अपेक्षा धरून ते ठेवत असाल तर शब्द उलटा निवडला जातोय. रेयांशचा अर्थ "सूर्यकिरणाचा अंश" असा देतात. त्यातला अंश खरा, पण किरण या अर्थाचा "रेय" संस्कृतात नाही. त्यासाठी रश्मी आहे, अंशू आहे, मयूख आहे. नाव नवं घडवलेलं असणं हा दोष नव्हे. इंग्रजीतलं व्हॅनेसा जोनाथन स्विफ्टने अठराव्या शतकात घडवलं आणि पुढे ते जगभर रुळलं. घडवलेल्या नावाला जुना अर्थ चिकटवणं मात्र मुलाची फसवणूक आहे. मोठेपणी ते स्वतः कोश उघडणारच.

तर तुमची तीन नावं. रेयांश दोन्ही पट्ट्यांवर मागे पडतं. फोनवर श्रेयांश ऐकू येण्याची भीती आहे, घराणं गजबजलेलं आहे आणि सांगितलेला अर्थ टिकत नाही. मी ते काढून टाकेन. आरव सुटसुटीत आहे, हाकेला चांगलं, लिहायला सोपं. अडचण संख्येची. तुमच्या जवळच्या शाळांत तीनशे नावं मोजा आणि त्यात अर्णव, अथर्व, आरुष ही जवळची नावंही धरा. आरव तीनपेक्षा जास्त वेळा दिसलं तर सोडा. निरंजन मला तिघांत सरस वाटतं. निर् आणि अंजन, म्हणजे ज्याला काजळी लागलेली नाही असा. शब्द कोशात आहे, रोमन स्पेलिंग जवळजवळ एकच होतं, मोठ्या माणसांत ओळखीचं आहे आणि संक्षेप "निरू" किंवा "रंजू" असा वेगळा निघतो. एकच गोष्ट तपासा. घाईत ते निरांजन असं ऐकू येतं, तेव्हा पाच फोनांपैकी किती जण जादा काना देऊन लिहितात ते बघा. एकाने दिला तर चालेल. तिघांनी दिला तर त्याच सुरातली राघव, माधव, मुकुंद ही नावं घेऊन पुन्हा पाच फोन करा.