वाचलेला कट्टा

बेळगावच्या शहापुरातील आमची गल्ली स्वभावाने अत्यंत स्थिर आहे. १९४८ पर्यंत ती सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होती; संस्थान विलीन झाल्यावर ती मुंबई प्रांतात गेली, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात दाखल झाली आणि १९७३ मध्ये त्या राज्याचेच नाव बदलल्यामुळे कर्नाटकात राहू लागली. एवढा सगळा प्रवास तिने जागची तसूभरही न हलता केला. चार राजवटींना जे जमले नाही ते लाल रंगाचा डबा आणि मोजपट्टी घेऊन आलेल्या दोन माणसांनी जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकले. रस्ता रुंदीकरणाच्या खुणा झाल्या आणि गल्ली दोन्ही बाजूंनी मागे सरकली.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव झळकले, तेव्हापासूनच आम्ही मनाची तयारी केलेली होती. आधी टिळकवाडी स्मार्ट होईल, मग आपण, असा आमचा हिशेब होता आणि त्या ‘मग’वर आमचा पुष्कळ भरवसाही होता. रुंदीकरणाचे हे काम नेमक्या कोणत्या योजनेतले आणि कोणत्या खात्याचे, हे मात्र शेवटपर्यंत कोणालाच नीट कळले नाही. एका खात्याकडे विचारावे तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवी, आणि दुसरे नकाशाकडे.

लाल रेघ घरांमधून गेली नाही, कट्ट्यांवरून गेली. आमच्याकडची जुनी घरे कौलारू. आत माग, बाहेर शहाबादी फरशीचा कट्टा. माग बंद पडून पुष्कळ वर्षे झाली तरी कट्टा बंद पडलेला नव्हता. लग्न ठरवणे, भाडेकरू काढणे, मुलांना कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे याचा निकाल लावणे, इतकेच काय, सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने काय करायला हवे हे ठरवणे, ही सर्व कामे कट्ट्यावर होत. प्रत्येक घराचा कट्टा वेगळा आणि प्रत्येक कट्ट्याची माणसे ठरलेली. तात्यांच्या कट्ट्यावरचा माणूस अक्कांच्या कट्ट्यावर दिसला, तर तात्यांच्या घरात काहीतरी बिनसले आहे असे आम्ही समजत असू.

त्या रेघेने गल्लीतले सगळे कट्टे घेतले, फक्त आमचा सोडला. त्याचे कारण शेजारचा मारुती. रेघ सरळ येता येता देवळापाशी अदबीने वळली, मारुतीला वळसा घालून पुढे गेली आणि त्या वळणाच्या पोटात आमचा कट्टा अलगद वाचला. यात आमची कसलीही पुण्याई नव्हती, वशिला तर त्याहून नव्हता. परंतु गल्लीला ते पटवून देणे अशक्य होते. “तुमचं काय ओ, तुमचा कट्टा ऱ्हायला की,” हे वाक्य ज्या स्वरात बोलले जाई, तो स्वर आमच्याकडे लॉटरी लागलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला असतो.

जेसीबी येऊन गेल्यावर पहिले दोन दिवस लोक आपापल्या उंबऱ्यात उभे राहून बोलले. उभ्याने बोलणे फार वेळ चालत नाही. सर्वप्रथम तात्या आले. “जरा टेकतो,” म्हणाले. आमच्याकडे ‘टेकणे’ म्हणजे सकाळी सात ते दहा. तात्यांच्या मागोमाग त्यांच्या कट्ट्यावरचे चौघे आले, मग त्यांचे वर्तमानपत्र आले. घरी आम्हीही तेच वर्तमानपत्र घेत असल्यामुळे आता दोन प्रती झाल्या आणि तरीही मला अग्रलेखाचे पान दुपारपर्यंत मिळेनासे झाले. दुपारी अक्कांचा कंपू तांदूळ निवडायला येई. निवडताना बाजूला काढलेले खडे त्या मोठ्या शिस्तीने एका कागदावर गोळा करीत आणि उठताना तो कागद आमच्या खिडकीत ठेवून जात.

आमच्या कट्ट्याच्या एका फरशीवर माझ्या आजोबांच्या वेळचा वाघबकरीचा पट कोरलेला आहे. रेघा झिजून पुसट झाल्या होत्या. एके संध्याकाळी मी कामावरून परतलो, तेव्हा एक सद्गृहस्थ छिन्नी घेऊन त्या रेघा नव्याने ठसठशीत करीत बसले होते. मला पाहून त्यांनी पाय जरासा आखडता घेतला आणि म्हणाले, “या, या. सांभाळून हं, भुगा पडलाय.” आपल्याच घरात शिरताना आपले इतके आदराने स्वागत व्हावे, हा अनुभव सुखाचा म्हणावा की कसे, हे मला ठरवता आले नाही.

रात्रीची पाळी मंडळाच्या पोरांची. त्यांच्यापुढे खरोखरच गंभीर प्रश्न होता. रुंदीकरणाबरोबर विजेच्या तारा जमिनीखाली जाणार होत्या. गणपतीच्या आणि शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीत उंच मूर्तीपुढे चालून, टोकाला फाटा असलेल्या बांबूने तारा वर उचलून धरणारा एक मुलगा असतो. आमच्या गल्लीत हा मान वर्षानुवर्षे एकाच मुलाकडे होता. त्याची आता मुले शाळेत जातात, पण पदाला वय नसते. तारा गेल्या तर त्याने करायचे काय, यावर पोरांनी माझ्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून मध्यरात्रीपर्यंत विचार केला. शेवटी, तारा नसल्या तरी बांबू असावा, असा ठराव झाला. शासनाच्या अनेक पदांचा विचार करता मला तो गैर वाटला नाही.

दिवसा कामावरचा सुपरवायझरही तिथेच बसू लागला. तो हुबळीकडचा, आणि गटार कधी बुजवणार म्हणून विचारले की “नाळी री, नाळी” म्हणे. हे उद्याचे आश्वासन त्याने इतक्या उद्यांना दिले की, पुढे अक्काच त्याला चहा देताना “नाळी देते” म्हणू लागल्या. चहा अर्थातच आमच्या घरचा. आमच्या सौभाग्यवतींनी प्रारंभी आग्रह केला, पुढे विचारले, नंतर फक्त दिला आणि अखेरीस साखरेचा डबाच खिडकीत ठेवून दिला, शेजारच्या खड्यांच्या पुडीला खेटून.

पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता पूर्ण झाला. काँक्रीटचा, रुंद, देखणा, आणि घरांच्या जोत्यांपेक्षा वीतभर उंच. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जाणारी माणसे आता एक पायरी उतरून जातात. मृगाच्या पहिल्याच पावसात पाण्याने नव्या रस्त्यावरून वाहणे सोडून जुन्या ओळखीने घराघरांत जाणे पसंत केले. उंचीमुळे पुन्हा एकदा बचावला तो आमचा कट्टा, आणि त्या संध्याकाळी तात्यांची गादी, अक्कांचे पिठाचे डबे, मंडळाचे दोन ढोल व एक शेळी असा ऐवज त्यावर दाटीवाटीने जमा झाला. शेळी कोणाची हे अद्याप निष्पन्न झालेले नाही.

यानंतर लोकांनी कट्ट्याच्या जीर्णोद्धाराचे मनावर घेतले. वर पत्रा घालावा, काठाला ग्रॅनाइट लावावे, म्हणून वर्गणी निघाली. पावतीपुस्तक घेऊन पोरे माझ्याकडेही आली आणि कट्टा सर्वांचा असताना मीच मागे राहणे बरे दिसत नाही, असे त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले. मी वर्गणी दिली. देणगीदारांच्या पाटीवर माझे नाव सातवे आहे.

मध्यंतरी खात्यालाही लोकांच्या बसण्याची काळजी वाटून समोरच्या पदपथावर एक स्टीलचा बाक आला. बाक चकचकीत आहे आणि पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे संध्याकाळी तापतो. त्याला जागोजागी हात बसवले आहेत, जेणेकरून कोणी आडवे होऊ नये आणि दोन माणसांना एकमेकांकडे वळताही येऊ नये. असे बाक घडवणाऱ्यांनी आयुष्यात कधी गप्पा मारल्या नसाव्यात. गल्लीतल्या एकाही माणसाने त्यावर बसून पाहिले नाही. पहिले काही दिवस त्यावर कोणाची तरी गोधडी वाळत होती.

परवा संध्याकाळी घरी आलो तर कट्ट्यावर पाऊल ठेवायलाही जागा नव्हती. वाघबकरीचा डाव रंगात आला होता आणि वाघ अडकला असल्याने कोणी उठण्याची शक्यता दिसत नव्हती. मी मुकाट्याने रस्ता ओलांडला आणि त्या बाकावर जाऊन बसलो. पाचेक मिनिटांनी तात्यांचे लक्ष गेले. त्यांनी शेजाऱ्याला कोपराने सरकवले, हात उंच केला आणि समोरून हाक मारली, “अहो, परक्यासारखं तिकडं काय बसलाय? या की इकडं, आपलंच समजून बसा.”