माझ्या निधनाची उशिरा आलेली बातमी

परवा रात्री मी एका भिंतीमागे मेलो. ‘भिंतीमागे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण गोळी सुटली तेव्हा माझे डोके, धड आणि दोन्ही पाय विटांच्या आडोशाला सुखरूप होते आणि हे मी टीव्हीच्या भल्यामोठ्या पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तरीही मेलो. त्यावर हेडफोनमधून आमच्याच संघातला, अजून आवाजही न फुटलेला एक मुलगा अत्यंत शांतपणे म्हणाला, “काका, तुम्ही भिंतीच्या बाहेरच मेला होतात. तुम्हाला आत्ता कळलं, एवढंच.”

स्वतःच्या निधनाची बातमी एका शाळकरी मुलाकडून कळावी, तीही शिळी, हा अपमान मी अजून पचवतो आहे. त्यातून तो मुलगा चुकीचे काही बोलला नव्हता, हे जास्त झोंबले. ऑनलाइन खेळात आपण बटण दाबताच आपला सैनिक आपल्या पडद्यावर लगेच पळतो, पण तो पळाल्याची वर्दी सर्व्हरला मिळेपर्यंत बाकीच्या जगासाठी तो होता तिथेच उघड्यावर उभा असतो. ही वर्दी जाऊन उत्तर परत येण्याच्या वेळेला पिंग म्हणतात आणि ती मिलिसेकंदांत मोजतात. माइक म्यूस या गृहस्थाने डिसेंबर 1983 मध्ये त्या नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारचा आवाज त्याच्या मनात होता. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. माझा प्रतिध्वनी रात्री नऊनंतर चारशे मिलिसेकंदांनी येत होता. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटतात असे धरले, तर माझ्या मृत्यूची वार्ता माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर चोवीस चित्रे निघून गेलेली असत.

शहाण्या माणसाने करायचे ते सगळे मी आधीच केले होते. कपाटात कोंडलेला राउटर बाहेर काढून उंचावर ठेवला होता. 2.4 गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची आणि आमच्याच मायक्रोवेव्हची गर्दी असते म्हणून खेळाचा कन्सोल 5 गिगाहर्ट्झवर नेला होता, आणि मधल्या दोन भिंतींनी तोही सिग्नल गिळल्यावर अखेर सरळ इथरनेटची केबल ओढली होती. तिला अडखळून घरातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी लाखोली वाहिलेली आहे. डीएनएसही बदलून पाहिले. त्याने पिंगमध्ये फरक पडत नाही. डीएनएस म्हणजे फोनची डायरी, ती बदलल्याने नंबर लवकर सापडेल, पलीकडचा माणूस लवकर बोलणार नाही. एक संपूर्ण रविवार ‘स्ट्रिक्ट’ असलेला नॅट, म्हणजे राउटरची बाहेरच्या जोडण्यांना आत घेण्याची व्यवस्था, ‘ओपन’ करण्यात गेला, कारण कंपनीच्या राउटरमागे माझा राउटर असे दोन दरवान एकाच दारावर बसले होते आणि दोघेही येणाऱ्याला अडवत होते. एवढे झाल्यावर दिवसा पिंग बावीस दिसू लागला. रात्री पुन्हा चारशे.

तेव्हा कंपनीला फोन लावला. नेट बंद असल्यास एक दाबा, वेग कमी असल्यास दोन दाबा, बिलाबद्दल तीन. माझे नेट चालू होते, वेग भरपूर होता आणि बिलाचे दुःख जुने होते. मी दोन दाबले. म्हणजे माझ्या तक्रारीची सुरुवातच खोट्याने झाली, आणि ते खोटे मला पुढे चांगलेच भोवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक तरुण तंत्रज्ञ आला. आल्या आल्या, आजाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहावा तसा त्याने आपला फोन राउटरला जवळजवळ चिकटवला आणि वेगाची चाचणी सुरू केली. काटा सरसर वर गेला.

“तीनशे चार,” तो म्हणाला. “प्लॅन तीनशेचा आहे सर. चार जास्तच येतायत.”

“वेगाबद्दल माझी तक्रारच नाही,” मी म्हणालो.

त्याने फोनमधला कागद उघडला. “इथं ‘वेग कमी’ असं लिहिलंय.”

“दुसरा पर्याय नव्हता. माझी तक्रार विलंबाची आहे.”

“विलंब कुठं झाला सर? काल तुम्ही नोंदवली, आज मी आलो.”

मी लेटन्सी म्हणालो. मी पिंग म्हणालो. रस्ता कितीही रुंद असला तरी निरोप्याला नाक्यावर थांबवून ठेवले तर निरोप उशिराच पोहोचणार, असा दृष्टान्तही दिला. त्याने तो सहानुभूतीने ऐकून घेतला आणि “रस्ता तर तीनशेचाच आहे ना सर,” असे म्हणून पुन्हा चाचणी लावली. या खेपेला दोनशे अठ्ठ्याण्णव आले. ते त्याने मला दाखवले नाही. तिसऱ्यांदा तीनशे अकरा आल्यावर पडदा माझ्या नाकासमोर धरला.

“पिंग लागतो कशाला पण?”

“खेळायला.”

“मुलगा खेळतो का?”

इथे सन्मानाने सुटण्याची वाट समोर उघडी होती. पण एकदा दोन दाबून झालेली फजिती ताजी होती, म्हणून मी खरे सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, कन्सोलकडे पाहिले, मग माझ्या विरळ झालेल्या भांगाकडे पाहिले आणि म्हणाला, “अच्छा, काका.” घरात शिरल्यापासून मी ‘सर’ होतो. एका उत्तरात ‘काका’ झालो.

मग मी पुरावे काढले. गेले तीन आठवडे माझा अन्यायाने मृत्यू झाला की मी कंट्रोलरवरचे बटण दाबून शेवटची तीस सेकंदे जतन करून ठेवत होतो, आणि अशा एकूण एक्केचाळीस क्लिपा तारीखवार जमल्या होत्या. मला वाटले होते की तो एक-दोन पाहील, ओशाळेल आणि वरिष्ठांना फोन लावील. त्याऐवजी त्याने पाठीवरची बॅग उतरवली, सोफ्यावर नीट मांडी घातली आणि पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली.

“इथं काका, तुम्ही आधी खाली बसायला पाहिजे होतं.”

“खाली बसलोच होतो. ते पोहोचलं नाही.”

“बरं. पण हे नेटमुळं नाही. इथं तुम्ही सरळ उघड्यावर उभे राहिलात.”

ती नवव्या क्रमांकाची क्लिप होती, आणि हो, तिथे मी उभा होतो. पण पुराव्याच्या गठ्ठ्यात एखादा कागद उन्नीस-बीस असायचाच. तेविसावी क्लिप, ज्यात मी शत्रू समजून एका दाराशी बराच वेळ लढतो, ती त्याने तीनदा लावायला सांगितली. हसताना त्याने तोंडावर हात धरला होता, एवढी सभ्यता त्याच्याकडे होती.

आणि मग, डोळे पुसता पुसता, अगदी सहज त्याने विचारले, “या एवढ्या क्लिपा ठेवता कुठं काका?”

“क्लाउडवर. आपोआप जातात.”

“कधी जातात?”

“लगेच,” मी म्हणालो, आणि वाक्य संपायच्या आत मला सगळा प्रकार समजला. त्याला तो समजला की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तो पुढची क्लिप शोधत होता.

हिशोब असा. तीनशे हा आकडा खाली येणाऱ्या माहितीचा, सेकंदाला इतके मेगाबिट. वर जाण्याचा वेग माझ्या प्लॅनमध्ये वीस, आणि तोही बारीक अक्षरांत. एक क्लिप साधारण शंभर मेगाबाइटची, म्हणजे आठशे मेगाबिट. वीसने भागले की चाळीस सेकंद. मी मेलो की पुराव्यासाठी बटण दाबायचो, काही सेकंदांत पुन्हा जिवंत होऊन धावत सुटायचो, आणि तेवढ्यात मागल्या मृत्यूची चित्रफीत वर जायला निघालेली असायची. माझ्या सैनिकाची इवलीशी वर्दी त्या चित्रफितीच्या रांगेत मागे उभी. मी पुन्हा मरायचो. पुन्हा बटण. एक्केचाळीसपैकी किती मृत्यू गोळीने झाले आणि किती पुरावे गोळा केल्याने, हे आता शोधून काढण्याची माझी हिंमत नाही.

मात्र सगळा दोष मी माझ्या पदरात घेणार नाही. राउटर आणि मोडेममध्ये जरुरीपेक्षा मोठी साठवण ठेवली की पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हरवत नाहीत, नुसती रांगेत कुजत पडतात. जिम गेटिस या प्रोग्रामरने 2010 च्या सुमारास या रोगाला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले, आणि 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाचा इलाज प्रसिद्ध केला. रांगेत पॅकेट किती वेळ ताटकळते आहे ते पाहायचे आणि वेळ वाढला की काही पॅकेट टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा आपोआप दमाने घेतो, इतकी साधी गोष्ट. चांगल्या राउटरमध्ये ती असते. तिथे वर जाण्याचा वेग वीसऐवजी सतरा-अठरावर बांधला की रांग आपल्या ताब्यात राहते आणि खेळाच्या वर्दीला वाट मिळते. कंपनीने मला दिलेल्या डबड्यात मी प्रत्येक पान उघडून पाहिले. पालकांसाठी मुलांवर लक्ष ठेवण्याची सोय आहे, दिव्याचा रंग बदलण्याची सोय आहे, ही सोय नाही. जाहिरातीत तीनशे हा आकडा माणसाच्या उंचीएवढा छापतात. भार पडल्यावर विलंब किती, हे ते कुठेही लिहीत नाहीत आणि आपणही विचारत नाही. त्या तंत्रज्ञाच्या फोनवरसुद्धा, त्या दिमाखदार तीनशे अकराच्या खाली, राखाडी रंगात तीन छोटे आकडे होते. शेवटचा आकडा वर जाताना लागणाऱ्या विलंबाचा होता, आणि तो चारशेच्या पुढे होता. फोन माझ्या नाकासमोर धरताना त्याचा अंगठा नेमका त्यावर होता.

क्लिपा आपोआप पाठवण्याची सोय मी बंद केली. रात्रीचा पिंग चोवीसवर आला. ‘आपली वेग कमी असल्याची तक्रार निवारण करण्यात आली आहे’ असा संदेश मात्र तंत्रज्ञ सोफ्यावरून उठायच्या आधीच आला होता, त्यासोबत त्याला तारे देण्याची विनंतीही होती, आणि तो माझ्या शेजारी बसून मी किती देतो ते पाहत असल्यामुळे मला पाचही द्यावे लागले.

दारातून बाहेर पडताना तो वळला. “काका, ती दाराशी लढायची क्लिप मला पाठवाल का? आमच्या ग्रुपवर टाकतो.”

मी ती अजून पाठवलेली नाही. शंभर मेगाबाइटची आहे, आणि रात्री नऊनंतर मी या घरातून काहीही वर जाऊ देत नाही.