नवीन घर घेताय? पाण्याच्या बिलाकडे अजिबात बघू नका!

अभिनंदन. लोन, स्टॅम्प ड्युटी, पार्किंग सगळं बारकाईने बघा, पण पाण्याचे पैसे कसे काढतात असलं फालतू काही विचारत बसू नका, लोक म्हणतील एवढ्या कोटीचं घर घेतलं आणि चारशे रुपयांसाठी जीव टाकतोय.

मुंबईत सोसायटीत राहणार असाल तर तुमच्या नावाचं मीटर बहुतेक नसतंच. महापालिकेचं मीटर असतं गेटपाशी, एक खड्डा, त्यावर लोखंडी झाकण आणि झाकणावर कोणाची तरी ॲक्टिव्हा. ती हलवायला लावून काचेवरचा चिखल पुसून आकडा वाचायला जाऊ नका, वॉचमनला वाटेल डोक्यावर परिणाम झालाय. तो आकडा अख्ख्या बिल्डिंगचा. त्यात माणशी रोज १५० लिटरपर्यंत साधा रेट, पुढे दुप्पट, तिप्पट, चौपट असं चढत जातं. म्हणजे गच्चीवरची टाकी रात्रभर ओव्हरफ्लो होऊन खालच्या गाड्या धुऊन निघाल्या तर ते तुम्हीच प्यायलात असं समजायचं. वर त्या पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिस्सारण आकार. तुम्ही पाणी कुंडीतल्या तुळशीला घातलं असलं तरी ते गटारात गेलंच, वाद नको.

मग हे बिल फ्लॅटमध्ये वाटतात कसं? किती पाणी वापरलं यावर? काहीतरीच काय. सोसायट्यांच्या आदर्श उपविधी, म्हणजे सरकारची नमुना नियमावली, तिच्याप्रमाणे बघायचं की घरात नळ किती आणि केवढे. त्यामुळे फ्लॅट बघायला गेलात की व्ह्यू बिव्ह्यू सोडा, नळ मोजा. दोन बाथरूम, किचन, ड्राय बाल्कनी, वॉशिंग मशीनचा पॉइंट, आणि बिल्डरने शोभेला दिलेला तो जेट जो कोणीच वापरत नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकू तीन बाथरूमच्या घरात एकट्या, मुलगा न्यू जर्सीला, काकू आंघोळ एका बादलीत उरकतात पण भरतात सगळ्यात जास्त, आणि वन बीएचकेमधले सहा जण रोज शॉवरखाली गाणी म्हणतात ते सगळ्यात कमी. एका पाइपवर चार नळ असले तर एक धरायचा का चार, हे फक्त एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, विचारू नका, चहा गार होतो आणि माणसं गरम.

पुण्यात जाताय? मग तर प्रश्नच मिटला. तिथे वर्षानुवर्षं पाणीपट्टी घरपट्टीच्या बिलातच लागून येते आणि ठरते जागेच्या वार्षिक भाडेमूल्यावरून, आंघोळ रोज करा नाहीतर दिवाळीला करा. चोवीस तास पाण्याच्या योजनेची मीटरं बसवलीयेत म्हणा, तीही बघायला छान दिसतात. आणि वाघोली, उंड्रीकडे घेतलं असेल तर पट्टी वेगळी आणि दहा हजार लिटरचा टँकर वेगळा, तो मेंटेनन्समध्ये अशा नावाने येतो की तुम्हाला वाटावं लिफ्टचं काहीतरी असेल.

स्वतंत्र मीटरवालं घर मिळालं, तर ताबा घेताना रीडिंगचा फोटो मुळीच काढू नका, जुन्या मालकाला काय वाटेल! घर सहा महिने कुलूपबंद असलं तरी काळजी नको, रीडिंगवाला दार वाजवतो, कोणी उघडत नाही, तो सरासरीने आकडा टाकून निघून जातो. आणि नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून हवा सुटते ना, तिच्यावरही मीटर फिरतं, हवा पण फुकट नाही राहिली आता.

राहता राहिली थकबाकी. खरेदीखताआधी नो ड्यूजचा कागद मागायचा नाही, एवढ्या गोड माणसांवर अविश्वास? कनेक्शन त्याच जागेवर राहतं, फक्त माणूस बदलतो, त्यामुळे तीन वर्षांचं बिल दंडासकट तुमच्याच दारात येईल. तेव्हा जुन्या मालकाला फोन लावा, दोन रिंग जातील आणि मग नंबर बिझी लागेल.