शब्दांचा वाटा 7 टक्के असेल, तर परिपत्रकातली तारीख कोण सांगणार?

काल रात्री दादाने एक मेसेज पुढे पाठवला. दादा एका व्यापारी संघटनेचा सचिव आहे. मेसेज होता 'सदस्यांशी संवाद सुधारण्याची सूत्रं', आणि खाली दादाची एक ओळ: "पुढच्या महिन्यापासून लेखी परिपत्रकं बंद. फक्त व्हिडिओ." हाच मेसेज याआधी दोघा-तिघांकडून आला होता, तेव्हा मी तो तसाच सोडून दिला. आता सोडवत नाही. त्याच्या भरवशावर एक चालती संघटना आपली घडी मोडायला निघाली आहे.

मेसेजचं म्हणणं असं: संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55, म्हणून लेखी मजकुरावर वेळ घालवू नका. माणसाचं लक्ष 8 सेकंदच टिकतं, म्हणून तपशील देऊ नका. ग्रुपवर टाकलं आणि टिक निळी झाली की निरोप पोहोचला. आणि कुणी काही विचारलं नाही तर सदस्य समाधानी आहेत.

त्या 7 टक्क्यांचं मूळ आधी बघू, कारण सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाचे. 1967 साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात 'कदाचित' या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द तीन सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. ऐकणाऱ्याने ओळखायचं एवढंच, की बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड. या दोन प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून 7, 38 आणि 55 हे आकडे आले. तोंडाने 'छान' म्हणणाऱ्याचा सूर तुटक असेल, तर आपण सुरावर विश्वास ठेवतो. बस, एवढाच त्यांचा अर्थ. बोलणारा आपल्या भावनांविषयी किंवा आवडीनिवडीविषयी बोलत नसेल, तर ही समीकरणं लागू होत नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. ज्याचा प्रयोग तोच नाही म्हणतो, आणि तरी लोक त्याच्या नावावर परिपत्रकं बंद करायला निघतात.

आता संघटनेचं परिपत्रक डोळ्यांसमोर आणा. नियम कुठल्या तारखेपासून बदलतोय, कुणाला लागू आहे, कुणाला नाही, कुठला अर्ज भरायचा, सोबत कुठले कागद जोडायचे, शेवटची तारीख कोणती, अडलं तर फोन कुणाला करायचा. यातली कुठली गोष्ट सूर किंवा चेहरा सांगतो? इथे शब्द आणि आकडे हाच सगळा निरोप आहे. तारखेचा एक अंक चुकला तर अध्यक्षांचा प्रसन्न चेहरा सदस्याचं विलंब शुल्क वाचवत नाही.

हे मी तावातावाने सांगतोय, कारण मी ते भोगलं आहे. मी ज्या संघटनेचा सदस्य होतो तिने एका वर्षी परवाना नूतनीकरणाची सूचना अकरा मिनिटांच्या व्हिडिओतून दिली. आधी स्वागत, मग मनोगत, आणि शेवटची तारीख नवव्या मिनिटाला. गिऱ्हाईक समोर असताना कोण ऐकणार? मी रात्री बघू म्हणून ठेवला आणि राहून गेला. महिन्याभराने शोधायला गेलो तर व्हिडिओत शब्द शोधता येत नाही, पाहिजे ती ओळ मोठी करून वाचता येत नाही, हिशेबनिसाला छापून देता येत नाही. ज्याला कमी ऐकू येतं त्या सदस्याला तर त्यातलं काहीच हाती लागलं नसणार. दंड भरला तो आम्ही, सूचना 'दिली होती' असं म्हणायला समिती मोकळी.

एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. जिथे भावना आहेत तिथे चेहरा आणि आवाज लागतो. वर्गणी वाढवायची असेल, समितीकडून चूक झाली असेल, एखादा सदस्य दुखावून दूर गेला असेल, तर कोरडं पत्र पुरत नाही. फोन करावा, भेटावं, सभेत उभं राहून बोलावं. पण सभेत ठरलेलं नंतर लेखी जायलाच हवं, नाहीतर प्रत्येक जण आपापली आठवण घेऊन भांडतो.

8 सेकंदांचा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या 2015 मधल्या अहवालामुळे गाजला, पण तो त्यांच्या स्वतःच्या संशोधनातला नव्हता, दुसरीकडून उचललेला होता. ज्याच्या धंद्याला नियम लागू आहे तो माणूस दोन पानंही वाचतो, फक्त पहिल्या ओळीत 'हे तुम्हाला लागू आहे' असं दिसलं पाहिजे. निळ्या टिकचं सांगायचं तर ग्रुपमध्ये सगळ्यांनी मेसेज उघडल्याशिवाय ती निळी होतच नाही, आणि उघडला म्हणजे समजला असंही नाही. मेसेजच्या माहितीत कुणी वाचलं त्यांची नावं दिसतात. महत्त्वाच्या सूचनेनंतर तिसऱ्या दिवशी ती बघावीत आणि उरलेल्यांना फोन करावेत. यात चिकाटी लागते, म्हणून ते कुठल्या सूत्रात सापडत नाही.

राहिलं सदस्यांचं गप्प बसणं. मीही त्या दंडानंतर ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही, इतकंच. का भरली नाही, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

दादाच्या संघटनेचं येत्या महिन्याचं परिपत्रक मी आज सकाळी एका पानात बसवून दिलं: वर शेवटची तारीख, खाली कुणाला लागू, मग काय करायचं, तळाशी दोन फोन नंबर. व्हिडिओ करायचाच असेल तर कर, दादा, पण आधी हे पान जाऊ दे.